हिरडीच्या पुलावरून बाळ कुणी न्यायचं

समोर दिसतोय तो हिरडी नदीवरचा लोखंडी पूल. या काठाला आमचं जांभूळकोंड, त्या काठाला पेठगाव. दोन्ही बाजूंना उभ्या-तिरक्या पट्ट्यांच्या कैच्या, डोक्यावर पण पट्ट्या, त्यामुळं आतनं जाताना पिंजऱ्यातनं गेल्यासारखं वाटतं. नदीच्या मधोमध दगडी खांब आहे. लोक फोटो काढायला येतात. लग्न ठरलेली पोरंपोरी तर नटूनथटून येतात आणि त्या कैचीला टेकून उभी राहतात. राहू देत, पुलाचं काय झिजतंय. पण गाडीत तान्हं बाळ असलं आणि पुलावरची त्याची पहिलीच खेप असली, तर गाडी इथं माझ्या चहाच्या टपरीपाशी थांबते. नाही थांबली तर मी आडवी जाते, मघाशी तुमच्या गाडीला गेले तशी.

रागावू नकोस पोरी. मला इथं बायाक्का म्हणतात, कुणालाही विचार, मी काही वेडी नाही. इथली रीत अशी आहे की आपलं बाळ पहिल्यांदा या पुलावरनं न्यायचं तर आईनं न्यायचं नाही. बापानं नाही, सासूनं नाही, सख्ख्या बहिणीनं तर नाहीच. परक्या माणसाच्या हातात द्यायचं आणि आपण रिकाम्या हातानं मागनं चालायचं. मी हे सांगितलं तेव्हा तू बाळ असं छातीशी आवळलंस, जणू मी पळवूनच नेणार होते. बरोबर आहे तुझं. तिथंच तर सगळी गोष्ट आहे. चहा होईस्तोवर ऐकून घे, मग देवाचं नाव घेऊन काय ते ठरव. आजवर कुणावर जबरदस्ती केलेली नाही. आणि अहो पाव्हणं, तुम्ही ते गाडीचं मशीन बंद करा आधी, मला ओरडून बोलायला लावू नका.

पूर्वी इथं पूल नव्हता. पावसाळ्यात हिरडी कुणाला दाद देत नसे. बाजार त्या काठाला, वैद्य त्या काठाला, सोयरिकी त्या काठाला. जांभूळकोंडात आजारी पडायचं तर उन्हाळा बघून पडावं, असं म्हातारी माणसं चेष्टेनं म्हणायची. चेष्टा कसली, खरंच होतं ते. मग संस्थानाच्या काळात कधीतरी वरनं हुकूम झाला आणि पुलाचं काम निघालं. लोखंड रेल्वेनं कुठवर तरी आलं, तिथनं पुढं बैलगाड्यांनी. त्याच्याबरोबर पूल उभारणारी टोळी आली. कोकणातली, खाडीकाठची खलाशी माणसं, दोर-कप्पीनं जड लोखंड चढवणारी, सगळी मुसलमान. त्यांचा मुकादम इस्माईल. उंच, कमी बोलणारा, असं सांगतात. त्यानं आपली बायको बरोबर आणली होती, तिचं नाव हलिमा. नदीकाठी, आता जिथं तो पांढरा दगड दिसतोय ना करंजाखाली, त्याच्या आसपास त्यांच्या राहुट्या होत्या.

पहिल्या साली नदीतला खांब अर्ध्यावर आला आणि पावसात वाहून गेला. झालं. लोक म्हणायला लागले, पूल मूल मागतोय. ही समजूत काही एकट्या आमच्या गावाची नव्हती. पूल बांधा, धरण बांधा, पायात मूल पुरल्याशिवाय काम टिकत नाही, असं तेव्हा गावोगाव छातीठोक सांगायचे. कुणी बघितलंय का, तर कुणीच नाही. पण प्रत्येकाच्या मावशीच्या गावात झालेलं असायचं.

गावानं बसून ठरवलं, की गावाखालच्या उंबराच्या झाडापुढं बायामुलांनी पाऊल टाकायचं नाही. पाट्या वाहायला जाणाऱ्या बाया घरी बसल्या. टोळीला जाणारं दूध बंद झालं. पोरांच्या गळ्यात काळे दोरे आले, आणि एखादं पोर हट्टाला पेटलं की आई म्हणायची, मुकादमाला देईन. नावानं भीती घालायची इतकी सवय झाली की त्या नावाचं कुणी माणूस खाली राहतं, जेवतं, झोपतं, हेच लोक विसरले.

हलिमा गरोदर होती हे खाली राहुट्यांतल्यांनाच ठाऊक. थंडीच्या दिवसांत तिचं पोट दुखायला लागलं, आणि इस्माईल सुईणीला बोलवायला वर आला. उंबरापर्यंतच आला, पुढं आला नाही, कारण त्यालाही गावाचा ठराव ठाऊक होता. तिथं उभं राहून त्यानं हाक दिली. सुईण म्हणजे आमची तानाक्का. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. हाक ऐकल्याबरोबर तिनं वेखंडाची पोटली घेतली आणि चप्पल घातली. पण तिच्या घरात तेव्हा तिची नात होती, सारजा, दोन-अडीच महिन्यांची. शेजारीपाजारी दारात गोळा झाले. म्हणाले, हे बाळंतपण नाही, हा माग काढायचा डाव आहे. सुईणीच्या मागनं येतील आणि नातीला नेतील. तानाक्कानं नातीकडं बघितलं, चप्पल काढली आणि पोटली परत फळीवर ठेवली.

इस्माईल म्हणे दिवस मावळेपर्यंत त्या उंबराखाली उभा होता. मग गेला.

पोरगा झाला, तो जगला. हलिमा त्या बाळंतपणातनं उठली नाही. चार-पाच दिवसांत गेली. टोळीतल्या माणसांनी तिला तिथंच काठावर, करंजाखाली मातीत ठेवलं. आणि ते वरनं गावानं बघितलं. पांढऱ्यात गुंडाळलेलं काहीतरी, खांद्यावरनं आणलेलं, पुलाच्या पायाशेजारी खड्ड्यात ठेवलेलं. आता बघा, आमच्यातही काही घरांत माणूस पुरतात, तान्हं मूल तर सगळेच पुरतात. माणसाला मातीत देणं कुणाला नवं नव्हतं. पण एकदा भीती बसली की डोळ्याला तेच दिसतं जे मनात असतं. गाव म्हणालं, सुरुवात झाली. पुलानं मोठं माणूस घेतलं, आता लहान घेणार. त्या दिवशी लोकांनी भर दुपारी दारं लावून घेतली.

आता आनसा. आनसा म्हणजे तानाक्काची सून, सारजाची आई. नवरा सटुप्पा, गडी भला, पण आईच्या शब्दाबाहेर जाणं त्याला कधी जमलं नाही. आनसा दिसायला काही फार नव्हती म्हणतात, आणि बोलायलाही नाही. माहेर लांबचं, त्यामुळं गावात तिची बाजू घेणारं कुणी नव्हतं. दूध मात्र तिला भरपूर होतं.

ती वरच्या अंगाच्या पाणवठ्यावर धुणं धूत होती, तेव्हा तिला खालनं रडणं ऐकू आलं. तुला आता हे वेगळं सांगायला नको पोरी. हट्टाचं रडणं वेगळं, झोपेचं वेगळं, आणि भुकेचं वेगळं. हे भुकेचं होतं, आणि त्यातही जोर संपत आलेलं. ते ऐकलं आणि आनसाची चोळी भिजली. स्वतःची लेक घरात पोटभर पिऊन झोपलेली, आणि दुसऱ्याच्या पोराच्या रडण्यानं हिला पान्हा फुटला. तिला आधी लाज वाटली. धुणं तसंच टाकून ती उंबरापर्यंत गेली आणि आडून बघितलं. इस्माईल पोराला घेऊन काठावर येरझारा घालत होता. फडक्याचं टोक पेजेत बुडवून त्याच्या तोंडात देत होता, आणि पोर ते बाहेर काढत होतं.

तिला एवढंच कळलं, की ज्याला पुरायचं त्याला कुणी अशी पेज पाजत नाही. पण खरं सांगू का? भीती तिचीही गेली नव्हती. लोक आता गोष्ट सांगताना सांगतात की आनसाला सगळं समजलं, ती धीट होती, असं होतं, तसं होतं. मला नाही तसं वाटत. ती त्याच गावात नांदणारी, तेच ऐकत आलेली. पूल मूल घेतो हे तिलाही खरंच वाटत होतं.

घरी येऊन तिनं सासूला सांगितलं, की खाली एक पोर उपाशी आहे, मी जाऊन पाजून येते. तानाक्कानं कानांवर हात ठेवले. वाद झाला, शेजारणी आल्या, कुणी समजावलं, कुणी शिव्या दिल्या. आनसा जायचंच म्हणत राहिली. शेवटी तानाक्का चिडली. ती म्हणाली, "जायचं असेल तर तुझी पोरपण घेऊन जा. बघू तुझं पाऊल कसं उठतं ते."

तिला काय माहीत. कुठली आई आपली लेक त्या पुलाच्या दारात नेईल, असं वाटून ती बोलली. सून हटेल, गप घरात बसेल, एवढाच तिचा हिशेब. आनसा पाळण्यापाशी गेली. सारजा झोपेत ओठ हलवत होती. मग आनसानं तिला उचलली, पदरात गुंडाळली आणि दाराबाहेर पडली. मागनं सासूनं हाक मारली, की उंबर ओलांडलास तर या घरात परत यायचं नाही. आनसानं ते ऐकलं, आणि चालत राहिली.

टोळीतल्या माणसांनी तिला येताना बघितलं आणि हातातलं काम टाकलं. इस्माईल पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, बाई, परत जा, तुझे लोक आम्हाला जिवंत ठेवणार नाहीत. आनसानं त्याच्या हातातल्या पोराकडं बघितलं. ते आता रडतही नव्हतं.

पण तिच्या हातात सारजा. एका वेळी दोन पोरं घ्यायची कशी? त्या पोराला घ्यायचं तर सारजाला कुठंतरी ठेवायला हवं. खाली सगळी खडी पडलेली, लोखंड पडलेलं. बाईमाणूस एक नाही. समोर एकच माणूस, आणि तोही तो, ज्याच्या नावानं गावातली पोरं भीतीनं गप्प व्हायची. असं सांगतात की तिनं डोळे मिटून घेतले आणि लेक पुढं केली. म्हणाली, "माझी धरा. तुमचा द्या."

इस्माईलनं सारजाला घेतलं. घेताना म्हणे त्यानं आधी आपले हात अंगरख्याला पुसले. आनसा तिथंच एका ओंडक्यावर पाठ करून बसली आणि त्याच्या पोराला पदराखाली घेतलं. पहिल्यांदा त्याला ओढताच येईना. मग आलं. ती मान वळवून वळवून मागं बघत होती. मुकादम होता तिथंच उभा होता, सारजाला दोन्ही हातांवर धरून, जरासुद्धा न हलता. इतका ताठ उभा होता की सारजा अवघडली आणि ती जागी होऊन रडायला लागली. तेव्हा मात्र त्याला काय करावं सुचेना, आणि तो घाबरून म्हणाला, बाई, ही रडते, हिला काय झालं? आनसाला त्या तशा वेळीही हसू आलं म्हणे. एवढा लोखंड उचलणारा माणूस, आणि रडणाऱ्या पोरीनं त्याला घाम फोडला.

संध्याकाळी ती लेक घेऊन परत आली. तानाक्कानं दार उघडलं नाही. सटुप्पानं मुकाट्यानं गोठ्यात पेंढा पसरला आणि घोंगडी टाकली. सकाळी आनसा परत खाली. असं रोज. गावातल्या बाया दाराच्या फटीतनं बघायच्या. सकाळी पोरीला घेऊन गेली, संध्याकाळी येताना पोर आहे की नाही? असायची. अंगानं भरत चाललेली असायची. तिकडं तो पोरगाही बाळसं धरायला लागला. त्या काळात तिला खायला ते काय, गोठ्यात सटुप्पा गुपचूप देईल ती भाकरी आणि टोळीतल्यांनी दिलेला मूठभर भात. तरी दोन जीव पोसताना तिचं दूध एक दिवसही कमी पडलं नाही. आमच्याकडं ह्याला हिरडीमायचा चमत्कार म्हणतात.

मग एके दिवशी पोराचं पोट फुगलं. तळव्यांना घाम, पाय पोटाशी घेऊन किंचाळायला लागलं. आनसानं सगळं करून बघितलं. शेवटी ती उंबरापाशी आली आणि सासूला हाक मारली, जिथनं मुकादमानं मारली होती तिथनंच. म्हणाली, अत्ती, मला घरात घेऊ नका, पण या पोराचं पोट बघा. आमच्याकडं सासूला अत्तीच म्हणायचे तेव्हा.

तानाक्का दारात उभी होती. पोटली फळीवर होती. या वेळी तिला कुणी अडवायच्या आत तिनं ती घेतली आणि अनवाणी उताराला लागली.

हिंग लावला, वेखंड उगाळून चाटवलं, पोट शेकलं. पोर वारा सरून शांत झालं आणि तिच्याच मांडीवर झोपलं. तिनं मान वर केली तेव्हा समोर करंजाखाली ती मातीची रास दिसली, डोक्याशी पांढरा दगड. तिनं विचारलं, हे कोण? इस्माईल म्हणाला, याची आई. त्या दिवशी तुम्हाला बोलवायला आलो होतो ती.

बस्स. एवढंच बोलला. दोष दिला नाही. तानाक्काच्या मांडीवरचं पोर आनसानं घेतलं, आणि तानाक्का त्या राशीपाशी जाऊन बसली. शेवटी ती म्हणाली, "मी आले असते तर वाचली असती का, ते देवाला ठाऊक. पण परक्या मुलखात ती बाईमाणसाविना गेली नसती."

जांभूळकोंडात हे वाक्य बायका आजही सांगतात, आणि सांगताना तोंडाला पदर लावतात. मीसुद्धा. तानाक्का जगली तोवर त्या दगडावर रोज तांब्याभर पाणी घालायची. त्या संध्याकाळी तिनं सुनेला हाताला धरून घरात नेलं. दुसऱ्या दिवशी तीच तेल घेऊन खाली आली आणि दोन्ही पोरांना पायावर घेऊन न्हाऊमाखू घातलं. सुईणच खाली जाते म्हटल्यावर बाकीच्या बायांना घरी बसायची लाज वाटली. एकेक करून पाट्या परत आल्या. दूध परत आलं. खांब परत उभा राहिला. लोखंड चढलं. भात्यावर लालभडक तापवलेले खिळे खालचा माणूस चिमट्यानं वर भिरकवायचा आणि वरचा ते पाटीत झेलायचा, ते बघायला पोरं आता उंबराच्या पुढं, पार काठापर्यंत जायची.

मृगाच्या आधी पूल झाला. उद्घाटनाला तालुक्याचे अधिकारी आले, दोन्ही काठांना माणूस मावेना. नारळ फुटला. आणि मग कुणी पुढं होईना. कारण भीती मेली नव्हती, नुसती निजली होती. पुलावर जो पहिलं पाऊल टाकेल, त्याचं मूल पूल मागेल, अशी कुजबूज सुरू झाली. अधिकाऱ्यांनी पट्टेवाल्याला सांगितलं, त्याला आठवलं की त्याला लहान पोरं आहेत. मानकरी एकमेकांना पुढं व्हा, पुढं व्हा, करायला लागले. मोठे मानाचे भुकेले ना ते, त्या दिवशी मात्र सगळ्यांना दुसऱ्याच्या मानाची आठवण झाली.

आनसा सारजाला घेऊन पुढं झाली. पुलाच्या तोंडाशी आली आणि तिचे पाय थांबले. शेजारी इस्माईल आपल्या पोराला घेऊन आला. त्याचा तर पूल हातचा, एकेक खिळा त्याच्या देखत बसलेला. पण तोही थांबला. हलिमा गेल्यावर त्याच्याजवळ उरलं होतं ते एवढंच पोर. माणूस कितीही जाणता असला तरी अशा वेळी त्याचं जाणतेपण काही कामाला येत नाही. दोघं नुसती उभी राहिली, आणि दोन्ही काठांवरचं गाव त्यांच्याकडं बघत राहिलं.

मग आनसा म्हणाली, "माझी तुम्ही घ्या, तुमचा मला द्या. आपलं पोर घेऊन माझा पाय उचलत नाही. तुमचं घेऊन मला भिऊन चालायचं नाही."

पोरांची अदलाबदल झाली. मुकादमाच्या हातात सारजा, आनसाच्या हातात त्याचा पोरगा, आणि दोघं पुलावर चालायला लागली. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. मधल्या खांबावर आल्यावर म्हणे पूल गुणगुणायला लागला. पाळण्याशी बसून आई हलक्या आवाजात काहीतरी म्हणत असते ना, तसं. इंजिनिअर लोक सांगतात की कैच्यांतनं वारा गेला की लोखंड असं वाजतं. वाजत असेल. वारा त्याच्या आधीही होता, एवढंच मी म्हणते.

दोघं त्या टोकाला पोचली. मागनं गाव धावत आलं, वाजंत्री सुरू झाली, गाड्या, गुरं, बाया, सगळं पुलावर लोटलं. आणि तिकडं पेठगावच्या बाजूला टोळीच्या बैलगाड्या उभ्या होत्या. काम संपलं होतं, पुढचा पूल कुठंतरी लांब घाटाच्या पलीकडं. त्यांना त्याच दिवशी निघायचं होतं. पोराला दात यायला लागले होते, पेज खायला लागला होता, आता त्याला आनसाची गरज नव्हती. आनसाला हे ठाऊक होतं. ठाऊक असून काय होतंय? इतके महिने एका बाजूला सारजा आणि एका बाजूला तो, अशी तिला सवय झालेली. पोरगाही तिच्या मानेत तोंड खुपसून बसलेला. तिच्या मनात आलं, आता हा हात पुढं करील आणि आपल्याला द्यावं लागेल. ती रस्त्याकडं बघेना, मुकादमाकडं बघेना.

इस्माईलनं सारजाला तानाक्काकडं दिलं. गाड्यांकडं एकदा बघितलं. बैल केव्हाचे जुंपलेले होते. गाडीवान कासरे धरून बसलेले, सगळ्या गावाला ते दिसत होतं. तो आनसाकडं वळला, आणि हात पुढं केलेच नाहीत. म्हणाला, "असू दे थोडं. बैल जुंपायचेत अजून."

आणि तो जाऊन एका गाडीच्या चाकाशी पाठ करून बसला. गाडीवानांनी एकमेकांकडं बघितलं. मग एकानं खाली उतरून आपले जुंपलेले बैल सोडले, आणि बाकीच्यांनीही सोडले.

आनसानं पोराला पोटभर पाजलं. किती वेळ गेला कुणाला ठाऊक नाही, वाजंत्री वाजवून दमली म्हणतात. मग ती स्वतःच उठली, गाडीपाशी गेली आणि पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. इस्माईल म्हणाला, त्याची आई इथंच ठेवून चाललोय. आनसा म्हणाली, मी आहे ना इथं. मग बैल परत जुंपले.

तो पोरगा पुढं कधी आला का, असं सगळे विचारतात. कुणी सांगतं, चांगला मोठा होऊन आला होता, सारजाच्या लग्नात भाऊ म्हणून उभा राहिला. कुणी सांगतं, कधीच आला नाही. मला वाटतं, आला नसावा. आला असता तर आमच्या गावानं ते इतक्या दहा तऱ्हांनी सांगितलं नसतं, एकाच तऱ्हेनं सांगितलं असतं. पण म्हाताऱ्या आनसाक्काला कुणी विचारलं की तुला मुलं किती, तर ती दोन सांगायची.

आजही दोन्ही काठांवर कुणाचं बारसं झालं की त्या बाळाला पुलावर आणतात. आई ते परक्या बाईच्या हातात देते, परक्या माणसाच्याही देते, जातपात कुणी विचारत नाही. आधी करंजाखालच्या दगडाला बाळाचं डोकं टेकवतात, मग पुलावर चढतात. आई मागनं येते. मधल्या खांबापर्यंत तिचा जीव टांगणीला असतो, हे मी शेकडो बायांच्या तोंडावर बघितलंय. आणि त्या टोकाला पोचल्यावर आईनं लगेच हात पुढं करायचे नाहीत. नेणाऱ्या बाईनं बाळ पुढं केलं तरी घ्यायचं नाही. म्हणायचं, असू दे थोडं, बैल जुंपायचेत अजून. हल्ली कुणाकडं बैल आहेत? ह्या जिपा आणि तुमच्यासारख्या चकचकीत गाड्या, मशीन सुरू करून उभ्या. तरी म्हणायचं तेच.

चहा पी, गार होतोय. आणि रडू नकोस, तुझं दूध आटेल. देणार असशील तर दे इकडं, माझे हात धुतलेले आहेत. नको वाटत असेल तर काही बिघडत नाही, गाडीतनं जा, पूल कुणाला अडवत नाही.

देतेस? आण. हं, मानेखाली हात असा. अगंबाई, केवढे डोळे उघडून बघतंय हे माझ्याकडं. चल, तू मागनं ये. आणि पोरी, त्या टोकाला गेल्यावर मला फार घाई करू नकोस.